नवीन एअर पिस्तूल रेंजवर पहिल्यांदा: आधी ग्रिप, ट्रिगर की साइट?

पांढरी_पट्टी

स्टायर इव्हो 10 घेतलं आहे. मेकॅनिकल ट्रिगर, उजव्या हाताचं, ग्रिप मीडियम. आतापर्यंत क्लबचं सामायिक पिस्तूल वापरात होतं, त्यामुळे ग्रिप घासणं, ट्रिगर लावणं यातलं काही हाताखालून गेलेलं नाही. पिस्तूल डब्यातून निघालं तसंच आहे, एकही स्क्रू हलवलेला नाही.

10 मीटरवर ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, डावीकडे खाली पडतोय, घड्याळातल्या साडेसात-आठच्या दिशेला. बहुतेक शॉट 8 आणि 7 मध्ये. ग्रुपचा आकारही गोल नाही, उभा लांबट आहे. रुंदी साधारण 20 मिमी, उंची 35 मिमी. छर्रे 4.50 मिमी हेडचे, 0.53 ग्रॅमचे, म्हणजे रायफलचे, कारण दुकानात तेच होते.

विचारायचंय ते असं: साइट फिरवून ग्रुप आधी मध्ये आणू का? छर्रे बदलले तर उभा फैलाव कमी होईल का? आणि ट्रिगर कारखान्यातून आला तसाच ठेवला तर बालेवाडीच्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीत, काही अडचण येईल का?

पंचगंगा_तीर

साइटला हात लावू नका. आत्ता ग्रुप मध्ये आणाल, मग ग्रिप घासाल, आणि ग्रुप परत भलतीकडे जाईल. क्रम असा धरा: ग्रिप, मग ट्रिगरच्या पात्याची जागा, मग ट्रिगरचं वजन (तो सुटायला लागणारा दाब), सगळ्यात शेवटी साइट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीत की कशामुळे काय झालं ते कळायचं नाही.

ग्रिपची तपासणी टार्गेटवर नको, पांढऱ्या भिंतीवर करा. पिस्तूल रिकामं, नळी टार्गेटच्या दिशेलाच. हात खाली ठेवून ग्रिप नीट बसवा, डोळे मिटा, हात नेहमीच्या उंचीला उचला, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. आता फक्त माशी (पुढची साइट) आणि खाच (मागची साइट) यांचं नातं बघा. माशी खाचेत मधोमध आणि माथा समपातळीत असेल तर ग्रिप तुमची आहे. दर वेळी माशी एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप तुमच्या मनगटाशी भांडतेय. ते भांडण तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट वळवून मिटवता आणि ट्रिगर सुटायच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी परत जातं. डावीकडे जाणाऱ्या शॉटचं मला हेच पहिलं संशयित वाटतं.

यात एक गफलत नेहमी होते. साइट एकमेकींशी नीट आहेत, पण पिस्तूल शेजारच्या लेनकडे बघतंय, तर तो दोष ग्रिपचा नाही, पायांचा. मागचा पाय थोडा सरकवून अख्खं शरीर वळवा. ग्रिप घासून पायांची चूक दुरुस्त होत नाही.

माशी खाचेत डावीकडे दिसत असेल तर आधी ग्रिपचा स्क्रू सैल करून ती जेवढी फिरते तेवढी फिरवून बघा. त्याने भागलं नाही तर तळहाताच्या गादीखाली, म्हणजे उजव्या मागच्या बाजूला, भर घालायची. तिथे जाडी वाढली की पिस्तुलाची मागची बाजू डावीकडे ढकलली जाते आणि नळी उजवीकडे वळते. पण लगेच पुट्टी लावू नका. आधी कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून आठवडाभर वापरा. पटलं तर मगच पट्टी काढून त्या जागी पुट्टी. वुड पुट्टी घासायला सोपी. एम-सीलही चालतं, पण ते वाळल्यावर दगड होतं, कानस लागते. पातळ थर, जास्तीत जास्त 1 मिमी. ओला असताना वर पातळ प्लॅस्टिक धरून हाताचा ठसा उमटवायचा.

भर घालण्याआधी जिथे टोचतंय तिथे घासा. मधल्या बोटाखालचा उंचवटा आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कड, या दोन जागा बहुतेकांना टोचतात. पिस्तूल बेचक्यात जितकं खोल आणि वर बसेल तितकं बरं.

खालची पट्टी, म्हणजे पाम शेल्फ, करकचून वर घेऊ नका. हात आत जाताना किंचित घासला पाहिजे, चिमटा बसता कामा नये. घट्ट शेल्फमुळे साठ शॉटच्या शेवटी करंगळीकडची बाजू बधिर होते आणि मग माणूस बोटांनी आवळायला लागतो. आवळलं की शॉट खाली.

आतला_दहा

वरचं बरोबर आहे, पण एक पायरी त्याच्याही आधी घ्यावी लागेल: पिस्तूल किती मारतंय आणि हात किती, हे वेगळं करा. त्याशिवाय छर्ऱ्यांचा प्रश्न सुटणार नाही.

आधी आकडे. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या गोलाचा व्यास 11.5 मिमी, प्रत्येक रिंग 8 मिमीची, काळा गोल 59.5 मिमी. छर्रा 4.5 मिमीचा आणि रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून 8 मिमीच्या आत असेल तर दहा, 16 च्या आत नऊ, 24 च्या आत आठ, 32 च्या आत सात.

आता साइट. माशी ते खाच अंतर ढोबळ 350 मिमी धरा. माशी खाचेत 1 मिमी सरकली तर टार्गेटवर 10,000 भागिले 350, म्हणजे जवळपास 29 मिमीचा फरक पडतो. सरळ सात! उलट साइट एकमेकींशी नीट राहिल्या आणि अख्खा हात 5 मिमी हलला तर टार्गेटवरही 5 मिमीच चूक, म्हणजे दहाच. म्हणून हात डुलतोय याची काळजी सोडा, माशी खाचेत कुठे आहे तेवढं बघा. तुमचा ग्रुप 7-8 ला जातोय म्हणजे सुटायच्या क्षणी माशी खाचेत पाऊण ते एक मिमी सरकतेय, किंवा साइट मुळातच लागलेली नाही, किंवा दोन्ही.

छर्ऱ्यांचं गणितही करून टाकू. 150 मीटर प्रति सेकंद वेगाने छर्रा 10 मीटर जायला 0.067 सेकंद घेतो आणि तेवढ्यात साधारण 22 मिमी खाली येतो. वेग 145 झाला तर 23.3 मिमी. फरक दीड मिमीचा. वेगात 5 मीटरचा फरक म्हणजे चांगल्या रेग्युलेटरला (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) लाजिरवाणी गोष्ट, आणि तरी टार्गेटवर दीड मिमीच! तुमचा 35 मिमीचा उभा फैलाव छर्ऱ्यांनी झालेला नाही.

तरी टेकू लावून तपासा. टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर फ्रेमचा पुढचा भाग टेकवा. नळी किंवा सिलिंडर टेकवायचा नाही, दाब पडून मार बदलतो. पाच-पाच शॉटचे ग्रुप मारा. सोबत आलेल्या कारखान्याच्या टेस्ट कार्डवर पाच शॉटचं जवळजवळ एकच भोक दिसेल. व्हाइसमध्ये मारलेलं असतं ते, तेवढं पिशवीवरून येणार नाही. पण सगळे शॉट दहाच्या गोलात बसले तर पिस्तूल निर्दोष आहे आणि वाद संपला. टेकूवरून ग्रुप कुठे पडतो याकडे मात्र लक्ष देऊ नका. हातात धरल्यावर मार वेगळ्या जागी पडतो, तिथून साइट लावायची नसते.

0.53 चे रायफलचे छर्रे सरावाला चालतात. पिस्तुलासाठी 0.45 ते 0.49 च्या आसपासचे हलके छर्रे येतात. नळीत थोडे लवकर सुटतात आणि धक्का जरा वेगळा वाटतो, एवढाच फायदा. हेडचा आकार तपासायचा तर 4.49, 4.50, 4.51 असे तीन घ्या, प्रत्येकाचे दहा शॉट टेकूवरून, एकाच दिवशी. डब्यातून ओतून न घेता एकेक बघून भरा. मागचा घेर चेपलेला छर्रा वेगळा फेका. पडलेला छर्रा परत डब्यात टाकू नका.

विदर्भी_ऊन

हवेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. सिलिंडर 200 बारला भरतात, पण झटकन भरला की गरम होतो आणि थंड झाल्यावर काटा 15-20 बार खाली आलेला दिसतो. ती गळती नाही. हळू भरा, पाच मिनिटं थांबा, मग वरची भर घाला. अडॅप्टर काढण्याआधी ब्लीड स्क्रू उघडून मधली हवा सोडा, नाहीतर ओ-रिंग उडते.

भरलेला सिलिंडर गाडीत ठेवू नका. 25 अंशाला 200 बार असेल तर 60 अंशाला 223 होतो, आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत 60 काही फार नाही.

हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, दर थोड्या वेळाने पाणी काढा. रेग्युलेटरमध्ये ओल गेली की वेग वरखाली होतो. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, मशीनचं तेल नाही.

80 बारच्या खाली गेल्यावर ग्रुप खाली घसरायला लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सामन्याला भरलेला सिलिंडर घेऊन उभं राहायचं.

पांढरी_पट्टी

सगळ्यांचे आभार. टेकूवरून बघितलं: पाचही शॉट दहाच्या गोलात, छर्रे तेच, सिलिंडर 180 वर. म्हणजे पिस्तूल ठीक आहे.

डोळे मिटून उचलल्यावर माशी दर वेळी खाचेत डावीकडे दिसते, आणि थोडी वरही. बोटाचं सांगायचं तर ट्रिगरवर फक्त टोक पोचतंय, पहिल्या पेराचा मधला भाग नाही. ट्रिगरचं वजन मोजायचं कसं? आमच्याकडे 500 ग्रॅमचं वजन आहे, पण ते कसं लटकवायचं यावर दोघांचे तीन सल्ले मिळाले.

पंचगंगा_तीर

टोक पोचतंय यातच अर्धं उत्तर आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट टोकाने ट्रिगरवर असलं की दाब सरळ मागे न जाता पिस्तुलाला डावीकडे ढकलतो. बोट जास्त आत गेलं, सांध्यापाशी, तर उजवीकडे ओढतं. पात्याचा स्क्रू सैल करून पातं मागे घ्या, पेराच्या गादीचा मध्य पात्यावर येईल इतकं. बोटाची बाजू ग्रिपच्या लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकत असेल तर तिथलं लाकूड घासा. पातं थोडं तिरकं करता येतं, पण आधी सरळ ठेवूनच बघा.

पातं पूर्ण मागे घेऊनही टोकच पोचत असेल तर ग्रिप तुमच्या पंजाला मोठी आहे. मग घासत बसण्यापेक्षा स्मॉल मागवा. घासून मोठीची लहान होते खरी, पण बोटांच्या खाचांच्या जागा चुकलेल्याच राहतात.

माशी वर दिसते त्यासाठी ग्रिपचा कोन थोडा पुढे झुकवा. डावीकडचं पट्टीचे थर लावून बघा. आणि हे सगळं झाल्यावर डोळे मिटून परत तपासा, लगेच नाही, हात ताजा असताना दुसऱ्या दिवशी.

पंधराशे_ग्रॅम

ट्रिगरचं मी सांगतो, कारण इक्विपमेंट कंट्रोलला सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

नियम: 10 मीटर एअर पिस्तूलला ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम. मोजताना नळी उभी, पिस्तूल कॉक केलेलं आणि सिलिंडरमध्ये हवा. 500 ग्रॅमचं वजन आडव्या पृष्ठभागावर ठेवायचं, त्याची धातूची किंवा रबरी धार ट्रिगरच्या पात्याच्या मध्यावर अडकवायची (रोलर चालत नाही) आणि पिस्तूल सावकाश वर उचलायचं. वजन हवेत उचललं गेलं आणि पिस्तूल सुटलं नाही तर पास. तीन संधी असतात. हवेशिवाय मोजून ‘घरी तर पास होत होतं’ म्हणणारे बरेच भेटतात. हवेसकट आणि हवेविना मोजलेलं वजन एकच येईल असं धरू नका.

वजन लटकवताना पात्याच्या टोकाला अडकवलंत तर तरफ लांबते आणि खरं वजन पुरेसं असूनही पिस्तूल सुटतं; फार वर अडकवलंत तर उलट होतं. म्हणून मधोमध. आणि झटका नको. 500 ग्रॅमचं वजन हिसक्याने उचललं तर ट्रिगरला ते जास्त वाटतं.

सेटिंग 500 वर ठेवू नका, 515-520 वर ठेवा. स्प्रिंग बसते, तापमान बदलतं, स्क्रू किंचित फिरतो. सामन्यानंतर कुणालाही बोलावून परत मोजतात आणि तिथे कमी भरलं तर थेट अपात्र, गुण कितीही असोत.

पहिला टप्पा (ट्रिगर अडेपर्यंतचा प्रवास) आणि दुसरा टप्पा (तिथून सुटेपर्यंतचा दाब) यांची वाटणी: पहिल्याला साधारण 350 ते 400, उरलेलं दुसऱ्याला. दुसरा टप्पा अगदी हलका केला की पहिला टप्पा घेतानाच शॉट सुटतो. फार जड केला की तिथे बोट अडकतं, माणूस थांबतो आणि मग झटका देतो. तुमचा उभा फैलाव मला तिथलाच वाटतो. कारखान्याची वाटणी बहुधा बरी असते, म्हणून आधी फक्त मोजा. वळवायची वेळ आली तर आधी स्क्रूच्या खाचेची दिशा फोटोत घ्या आणि एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

सुटल्यानंतरचा प्रवास थांबवणारा स्टॉप स्क्रू असतो. तो फार सैल असला तर शॉट सुटल्यावर बोट धपकन मागे जातं आणि नळी हलते. फार आवळला तर पिस्तूल सुटतच नाही किंवा कधी सुटतं, कधी नाही. सुटेपर्यंत आवळा, मग तिथून थोडा सैल सोडा.

सगळं लावल्यावर एक चाचणी टाळू नका: छर्रा न घालता कॉक करा, नळी टार्गेटकडे, आणि ग्रिपवर तळहाताने दोन-तीन थापा मारा. सुटलं तर सिअरची, म्हणजे कॉक केलेलं पिस्तूल अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकड कमी झाली आहे. ते पिस्तूल रेंजवर धोकादायक आहे, सेटिंग मागे घ्या.

बाकी कंट्रोलला बघतात ते: पिस्तूल 1500 ग्रॅमच्या आत, 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. पुट्टी लावून ग्रिप फुगवलीत तर ती 50 मिमी रुंदी आधी मोजून घ्या. पाम शेल्फचा ग्रिपशी कोन 90 अंशांपेक्षा कमी नको आणि कड वर वळलेली नको. मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. सिलिंडरवरची तारीख बघा. उत्पादकाने दिलेली मुदत संपली असेल तर सिलिंडर बाद, आणि ती जबाबदारी तुमची. बुटाने घोट्याचं हाड झाकलेलं नको. नळीत पूर्ण लांबीचा सेफ्टी फ्लॅग लागतोच, सराव असो की सामना.

आतला_दहा

पंधराशे_ग्रॅम यांच्याशी एका बाबतीत असहमत. उभ्या फैलावाला दुसऱ्या टप्प्याआधी मी साइट पिक्चर बघेन. नवीन पिस्तुलावर बरेच जण काळ्या गोलाच्या तळाला माशी अगदी चिकटवून धरतात. काळ्याला काळं भिडलं की कुठे संपलं ते डोळ्याला कळत नाही आणि प्रत्येक शॉटला उंची वेगळी होते. माशीच्या माथ्यावर पांढरी पट्टी स्पष्ट राहू द्या, 5-6 च्या रिंगेत धरा. पट्टी किती जाड, हे मोजत बसू नका. नजर माशीवर, काळा गोल धूसर.

माशीची रुंदी हेही बघण्यासारखं आहे. डोळ्यापासून माशी साधारण 1 मीटरवर असते, टार्गेट 10 मीटरवर. म्हणजे 4.5 मिमीची माशी टार्गेटवर 45 मिमी एवढी दिसते आणि 5 मिमीची 50 मिमी. काळ्या गोलापेक्षा जरा अरुंद, ते बरोबर. दोन बाजूंच्या फटी मात्र बहुतेक जण फार बारीक ठेवतात. माशीच्या रुंदीच्या निदान एक तृतीयांश तरी फट ठेवा. फट बारीक असली की ‘अचूक’ वाटतं, पण डोळा थकतो आणि शॉट उशिरा सुटतो.

पांढरी_पट्टी

शेवटचा प्रश्न. साइटवर बाणाशेजारी एच, टी, आर, एल अशी अक्षरं आहेत. एचकडे फिरवलं तर मार वर जातो की खाली?

पंचगंगा_तीर

जर्मन अक्षरं आहेत: एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली. पण काही कंपन्यांचा अर्थ ‘शॉट वर गेला असेल तर इकडे फिरवा’ असा असतो, काहींचा ‘इकडे फिरवलं की शॉट वर जाईल’ असा. पुस्तिका बघा, आणि ती हाताशी नसेल तर दहा क्लिक फिरवून एक ग्रुप मारा. मागची खाच वर गेली तर मार वर जातो, उजवीकडे गेली तर उजवीकडे. डोळ्यांनीही दिसतं.

त्याच दहा क्लिकचा दुसरा उपयोग: आधीच्या ग्रुपच्या मध्यापासून नव्या ग्रुपचा मध्य पट्टीने मोजा, दहाने भागा. एका क्लिकला किती मिमी ते तुमच्या हातात, तुमच्या साइट अंतरावर कळतं. माशी पुढेमागे सरकवून साइटचं अंतर बदललंत तर आकडा परत काढायचा. एक शॉट बाहेर गेला म्हणून क्लिक फिरवू नका, निदान पाचांचा मध्य बघा. सामन्यात तयारी आणि साइटिंगला 15 मिनिटं मिळतात आणि नंतर 60 शॉटला 75 मिनिटं, तेव्हा हे गणित आधी वहीत लिहिलेलं असलं पाहिजे.

पंधराशे_ग्रॅम

वहीबरोबर पेटीत अ‍ॅलन की, जास्तीचे ओ-रिंग आणि दुसरा भरलेला सिलिंडरही ठेवा. टोकियोत 2021 मध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि 575 गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. अशा बिघाडाला पेटीतल्या किल्ल्या पुरत नाहीत, क्लबमधल्या कुणाशी तरी राखीव पिस्तुलाचं आधी बोलून ठेवावं लागतं. ते पिस्तूलही इक्विपमेंट कंट्रोलमधून तपासून घ्यायला विसरू नका.